पलटणीचं पितळ

देवगडहून किनाऱ्याने मालवणकडे निघालं की कुणकेश्वराच्या पुढे मिठबाव लागतं. माडांची बनं, खाडी आणि समुद्राच्या अंगाला गजबादेवीचं देऊळ. या पट्ट्यात फुंकून वाजवायच्या धातूच्या वाद्यांचं घर म्हणजे देऊळच. पालखीपुढे शिंग फुंकतात, तुतारी वाजते, कुठे सरळ लांब कर्णा असतो. ही वाद्यं गावातल्या माणसाला कुणी ओळखायला शिकवावी लागत नाहीत. पण दक्षिण कोकणाच्या ओठांना आणखी एक पितळ लागलेलं आहे. ते पलटणीचं. बिगूल, कॉर्नेट, युफोनियम, मांडीवर घ्यावा लागणारा मोठा बेस. इथल्या कित्येक पिढ्या मुंबई इलाख्याच्या लष्करात गेल्या, कवायतीला याच वाद्यांच्या तालावर पावलं टाकत राहिल्या. तरीही ती ओळखण्याची विद्या आपल्याकडे रुजली नाही. जुन्या बाजारात किंवा बँड कंपनीच्या माळ्यावर असं वाद्य दिसलं, तर ‘इंग्रजांच्या वेळचं’ एवढ्यावर त्याचा निकाल लागतो. वास्तविक नीट पाहिलं तर अशा वाद्याचं वय कित्येकदा वीस-पंचवीस वर्षांच्या आत बांधता येतं, आणि ते कुठल्या पलटणीत वाजलं हेही सांगता येतं.

सुरुवात काळापासून केलेली बरी. सिंधुदुर्ग किल्ला ईस्ट इंडिया कंपनीने १७६५ मध्ये घेतला, त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असं नाव दिलं आणि थोड्याच काळात तो कोल्हापूरकरांना परत केला. १८१२ च्या तहाने मालवण कायमचं कंपनीकडे गेलं, १८१८ मध्ये देवगडही गेलं. त्या दिवसांत कंपनीच्या पायदळाचं रोजचं संगीत म्हणजे ढोल आणि फाइफ नावाची लहान आडवी बासरी. पितळी वाद्यांना कळा नव्हत्या. ज्या वर्षी पेशवाई बुडाली, त्याच १८१८ मध्ये बर्लिनमध्ये स्टोल्झेल आणि ब्लूमेल या दोन वादकांनी कळदार पितळी वाद्याचं पेटंट घेतलं. त्यामुळे तीन कळांचा कॉर्नेट दाखवून कुणी तो पेशवाईतला असल्याचं सांगितलं, तर ते मान्य करण्याचं कारण नाही.

मराठी राज्यकर्त्यांच्या दरबारी युरोपीय बँड मात्र त्याआधीच पोहोचला होता, आणि तो पुण्यात किंवा साताऱ्यात नव्हे तर तंजावरात. व्यंकोजीराजांच्या वंशातले दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी राजवाड्यात इंग्रजी पद्धतीचा बँड बांधला, विलायतेहून वाद्यं आणि स्वरलिपीची पुस्तकं मागवली. त्यातली पाश्चात्त्य संगीताची पानं तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत.

आता हातातल्या वाद्याकडे. पहिला प्रश्न साधा: कळा आहेत की नाहीत?

नसतील तर ते बहुधा बिगूल आहे, आणि त्याचं शास्त्र देवळातल्या शिंगाचंच आहे. नळीची लांबी ठरलेली, ओठ आवळले की वरचा स्वर, सैल सोडले की खालचा. मधले स्वर निघतच नाहीत. लष्करी बिगुलावरच्या साऱ्या हाका पाच स्वरांत बसवलेल्या आहेत. खालून वर जाताना ते आपल्या भाषेत सा, प, वरचा सा, त्यावरचा ग आणि प असे येतात. पहाटेची उठवणी, जेवणाची हाक, धोक्याचा इशारा, दिवे मालवण्याची सूचना, शहिदाला दिलेली मानवंदना, सगळं या पाचांत.

ब्रिटिश नमुन्याचा पायदळी बिगूल तांब्याचा असतो. पुढच्या पसरट भोंग्याची कड, जोड आणि तोंडाकडचं बोंड तेवढं पितळेचं. तांबूस अंगावर पिवळी किनार दिसली की अंदाज बांधायला हरकत नाही. घोडदळाचं ट्रंपेट याउलट पूर्ण पितळी, अंगाने लांबट आणि सुराने खालचं असतं. बिगुलाच्या नळीला किती वेढे आहेत तेही मोजावं. आज ओळखीचा असलेला आटोपशीर, दोन वेढ्यांचा बिगूल ब्रिटिश लष्करात १८५८ च्या सुमारास रूढ झाला. त्याआधीचा एका वेढ्याचा, म्हणून आकाराने बराच मोठा. सुमारे साडेचार फुटांची नळी दोनदा गुंडाळली की ती शिपायाच्या कुशीला नीट बसते.

कोकणच्या शिपायाच्या आयुष्यात बिगुलाला एवढं महत्त्व का, याचं उत्तर पलटणीच्या नावातच आहे. मराठा पलटणी ‘लाइट इन्फन्ट्री’ झाल्या, म्हणजे चपळ पायदळ. असे शिपाई एका ओळीत खांद्याला खांदा लावून लढत नसत. ते मोकळे पसरून पुढे जात, आणि पसरलेल्या माणसांना हुकूम पोहोचवायला ढोल उपयोगी पडत नसे. बिगुलाचा टोकदार आवाज दूरवर जाई. मुंबई लष्कराच्या ५ व्या पलटणीला हा किताब मिळाला तो बलुचिस्तानातल्या काहानच्या लढ्यानंतर. १८४० मध्ये तिथल्या गढीत ती पलटण महिनोन्‌महिने वेढ्यात तग धरून होती. आजही मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बिल्ल्यावर बिगूल आहे.

याच ५ व्या पलटणीची गोष्ट वाद्य ओळखणाऱ्याला सर्वांत मोठी किल्ली देते. १९०३ मध्ये लॉर्ड किचनरने हिंदी लष्कराची नव्याने मांडणी केली, तेव्हा मुंबईच्या पलटणींच्या जुन्या आकड्यात शंभर मिळवले गेले. ३ री झाली १०३, ५ वी झाली १०५, १० वी ११०, १६ वी ११६ आणि १७ वी ११७. पुढे १९२२ मध्ये या सगळ्या मिळून ‘५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री’ ही एकच रेजिमेंट बनली आणि जुन्या पलटणी तिच्या बटालियन झाल्या. १०३ म्हणजे पहिली बटालियन, आपली ‘जंगी पलटण’. १०५ म्हणजे दुसरी, ‘काळी पांचवी’.

याचा अर्थ असा की कॉर्नेटच्या भोंग्यावर १०५ हा आकडा आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीची आद्याक्षरं कोरलेली असतील, तर ती अक्षरं १९०३ ते १९२२ या एकोणीस वर्षांतच कोरली गेली. त्याआधी तो आकडा नव्हता, त्यानंतर उरला नाही. मात्र नुसता ५ दिसला तर सावध व्हावं. सोबत ‘बॉम्बे’ असेल तर तो १९०३ पूर्वीचा, म्हणजे एका पलटणीचा आकडा. सोबत मराठा लाइट इन्फन्ट्री असेल तर तो १९२२ नंतरचा, म्हणजे अख्ख्या रेजिमेंटचा. एकच आकडा, मध्ये दोन दशकांची फट. हे न जाणता कितीतरी वस्तूंवर चुकीच्या चिठ्ठ्या लागू शकतात.

आकडा पुसट असेल तर मुकुट पाहावा. व्हिक्टोरिया राणीच्या काळचा मुकुट वरून खोलगट, दोन बाजूंना फुगलेला. १९०१ नंतरच्या राजांच्या काळात तो घुमटासारखा गोल झाला. १९५० मध्ये प्रजासत्ताक आलं आणि मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. सरकारी मालावर बाणाच्या टोकासारखी रुंद खूण ठोकलेली असे. भारताच्या मालावर त्या बाणाबरोबर इंग्रजी ‘आय’ हे अक्षर दिसतं. ही खूण बिगुलावर सापडण्याची शक्यता जास्त, कारण बिगूल आणि ढोल सरकारकडून मिळत. बँडची वाद्यं बहुतेक ठिकाणी अधिकाऱ्यांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या निधीतून विकत घेतली जात. म्हणूनच एका पलटणीकडे एका कारखान्याचा संच, तर दुसरीकडे वेगळ्याच कारखान्याचा, असा प्रकार आढळतो.

कळा असतील तर तपासणी आणखी रंगते. कळेचं काम एवढंच की दाबली की हवेला जादा नळीतून वळसा पडतो, एकूण नळी लांब होते आणि स्वर उतरतो. मधल्या कळेने अर्धा स्वर, पहिलीने पूर्ण, तिसरीने दीड. अगदी सुरुवातीच्या स्टोल्झेल पद्धतीच्या कळेत वाद्याची नळी पिस्टनच्या बुडातून बाहेर पडते. पॅरिसच्या पेरिने याने १८३८ मध्ये रचना सुधारली. त्याच्या कळेत नळ्या बाजूनेच आत शिरतात, बाजूनेच बाहेर पडतात आणि बूड फिरकीच्या टोपणाने बंद असतं. आजच्या ट्रंपेटची कळ हीच. तेव्हा कॉर्नेट उलटा करून बूड पाहिलं की पिढी कळते. फक्त एवढं ध्यानात ठेवावं की स्वस्त कॉर्नेटना जुनी कळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही बसवत होते. पिस्टनऐवजी गोल फिरणाऱ्या कळा असतील, तर वाद्य जर्मन किंवा ऑस्ट्रियन घराण्याकडचं असण्याचा संभव मोठा. ब्रिटिश बँडांनी पिस्टनच पसंत केले.

युफोनियम आणि बेस यांत आणखी एक खूण दडलेली असते. तिन्ही कळा एकदम दाबल्या की जादा नळ्यांची बेरीज हिशेबाला कमी पडते आणि खालचे स्वर चढे लागतात. बूझी कंपनीच्या डेव्हिड ब्लेकली या जाणकाराने १८७४ मध्ये यावर उपाय काढला. कळांच्या मागच्या बाजूला लहान वेटोळी जोडली, की कळा एकत्र दाबताना हवा तिथूनही फिरते आणि तूट भरून निघते. कळांच्या पाठीशी अशा नळ्यांची दाटी दिसली, तर वाद्य १८७४ नंतरचं.

आता नाव-पत्ता. विलायती कारखानदार भोंग्यावर स्वतःचं नाव, गाव आणि रस्ता अभिमानाने कोरत, आणि रस्ता बदलला की तारीख हाती लागते. बूझीचा पत्ता आधी लंडनच्या हॉलिस स्ट्रीटचा होता, १८७० च्या दशकाच्या मध्यापासून २९५ रीजंट स्ट्रीट. बेसॉनचा १९८ यूस्टन रोड. हॉक्स अँड सन म्हटलं की पिकॅडिली सर्कसजवळची डेन्मन स्ट्रीट. जोसेफ हायमचा कारखाना मँचेस्टरला, १८४२ पासूनचा. हेन्री डिस्टिनने आपला धंदा १८६८ मध्ये बूझीला विकला. बूझी आणि हॉक्स १९३० मध्ये एक झाले, म्हणून दोन्ही नावं जोडून आली की वाद्य त्यानंतरचं. बेसॉन १९४८ मध्ये याच जोड कंपनीत गेलं.

पदकांचीही मदत होते. लंडन, पॅरिस, व्हिएन्ना इथल्या जागतिक प्रदर्शनांत मिळालेली पदकं कारखानदार भोंग्यावर ओळीने कोरत. त्यांतलं सर्वांत अलीकडचं साल शोधावं. त्या सालाआधी ते वाद्य बनणं शक्य नाही. आणि दुसऱ्या कळेवर किंवा तिच्याजवळ ठोकलेला अनुक्रमांक तर सोन्याच्या मोलाचा. बूझी अँड हॉक्सचा वाद्यसंग्रह आणि कारखान्याच्या जुन्या वह्या लंडनच्या हॉर्निमन म्युझियमने २००४ मध्ये घेतल्या. त्या वह्यांत क्रमांकापुढे वाद्याचा प्रकार आणि तारीख, पुष्कळदा गिऱ्हाइकाचं नावही टिपलेलं असतं.

सर्वांत हुकमी खूण मात्र डोळ्यांना दिसत नाही, ती कानांना कळते. तिच्यामागे एक जाहीर फजिती आहे. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धाच्या वेळी तुर्कस्तानातल्या स्कुटारी इथे व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवसाची कवायत झाली. अनेक पलटणींचे बँड एकत्र उभे राहिले, राष्ट्रगीत सुरू झालं, आणि प्रत्येक बँडची पट्टी वेगळी, रचना वेगळी. जो गोंगाट उठला त्याने सेनाधिकाऱ्यांचे डोळे उघडले. १८५७ मध्ये लंडनजवळ नेलर हॉल इथे लष्करी संगीताची शाळा निघाली आणि सगळ्या बँडांना एका सुरात आणण्याचं काम सुरू झालं.

तो सूर आजच्यापेक्षा चढा होता. आज वाद्यवृंद ज्या स्वराला ४४० कंपनं धरतात, त्याला ब्रिटिश लष्करी बँडांत सुमारे ४५२ होती. फरक कळेच्या हिशेबात जवळजवळ पाव स्वर भरतो, आणि पेटीशेजारी असं वाद्य वाजवलं की लगेच टोचतो. ब्रिटिश लष्कराने १९२० च्या दशकाच्या अखेरीस हा चढा सूर सोडला. ब्रिटनमधल्या गिरण्या-खाणींच्या हौशी ब्रास बँडांनी मात्र तो १९६० च्या दशकापर्यंत धरून ठेवला. वाद्यावर ‘एच पी’ ठोकलेलं असेल तर चढा सूर, ‘एल पी’ असेल तर उतरता. ठसा नसेल तर सूर लावायची मुख्य नळी पूर्ण आत ढकलून मोबाइलवरच्या ट्यूनरशी ताडून पाहावं. कित्येक जुन्या वाद्यांच्या नळीला मागाहून तुकडा जोडून डाख दिलेला आढळतो. सूर उतरवून वाद्य पुन्हा कामाला लावण्याची ती कारागिरी आहे.

फ्रान्सने १८५९ मध्येच आपला सूर कायद्याने ४३५ ला बांधला होता. त्यामुळे तेरेखोल नदीच्या पलीकडे, पोर्तुगीज गोव्यात, युरोप खंडातून आलेलं वाद्य सापडलं तर त्याची आणि नदीच्या अलीकडच्या पलटणी कॉर्नेटची पट्टी जुळेलच असं नाही. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत. तिथे तयार झालेले वादक ब्रिटिश हिंदुस्थानातल्या लष्करी आणि संस्थानी बँडांत, पुढे मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांतही मोठ्या संख्येने गेले. कोकणी किनाऱ्याच्या दोन्ही अंगांना पितळ वाजत होतं, सूर मात्र दोन निरनिराळ्या राजधान्यांतून ठरत होते.

या वाद्यांवरचे पोचे आणि ठिगळंही वाचावीत. युद्धात बँडवाले वाद्य खाली ठेवून जखमींना वाहून नेण्याचं काम करीत. पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात अडकल्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ इतका काळ उपासमार सोसून त्या शरण गेल्या. कोकणी मराठा हा या पलटणींच्या भरतीचा एक मुख्य वर्ग होता. कुतनंतरच्या भरतीसाठी रत्नागिरी जिल्ह्यातून, ज्यात तेव्हा देवगड-मालवणही होतं, किती घरांतली मुलं बोटीने मुंबईला गेली असतील याचा विचार केला की त्या काळचं एखादं पितळ हातात घेताना मन जड होतं.

पलटणीने नवा संच घेतला की जुना कुठे जाई? बराचसा लग्नाच्या बँडांकडे. खाकी किंवा लाल डगला, खांद्यावर झालरी, पुढे काठीवाला मास्तर, हा सारा थाट लष्करी बँडाचाच. मागणी वाढली तशी वाद्यं इथेच बनू लागली. मेरठला नादिर अली अँड कंपनी १८८५ मध्ये सुरू झाली. आधी तिने विलायती वाद्यं आणून विकली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वतः घडवायला घेतली. जली कोठीचा तो परिसर आज देशभरच्या बँडांना वाद्यं पुरवतो. मेरठचे जुने नमुने बूझी-बेसॉनच्या बेतावर घडवलेले असल्याने लांबून फसगत होते. जवळून पाहिलं की कळांच्या नक्षीतला आणि पत्र्याच्या जाडीतला फरक कळतो, आणि बहुतेकांवर कंपनीचं नावही असतं. त्यांना ‘नक्कल’ म्हणून बाजूला टाकणं अन्यायाचं आहे. शंभर वर्षांपूर्वीचा मेरठी युफोनियम हा आपल्याच कारागिरांचा इतिहास आहे.

खरी नक्कल वेगळी. दिवाणखान्यात टांगण्यासाठी जुनाट दिसणारे बिगूल आजही ढिगाने बनतात आणि मुंबईच्या चोर बाजारापासून पर्यटनाच्या गावांपर्यंत सगळीकडे विकले जातात. त्यांवर प्रसिद्ध रेजिमेंटचा बिल्ला डाख देऊन चिकटवलेला असतो, कधी लंडनच्या हेन्री पॉटरचं नाव, कधी सोयीचं एखादं साल. खोटेपणा कळायला तीन गोष्टी पुरतात. जोडांवर डाखाचे ओघळ असतात. ठसा धारदार नसून साच्यातून काढल्यासारखा बोथट असतो. आणि फुंकलं तर पाच स्वर धड निघत नाहीत. लष्कराने स्वीकारलेला बिगूल बेसूर असून चालत नसे.

मिठबावसारख्या ठिकाणी या पितळेचा मोठा शत्रू खारी हवा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या दमटपणात जस्त हळूहळू निघून जातं आणि पत्र्यावर गुलाबी ठिपके उमटतात. तिथला पत्रा ठिसूळ झालेला असतो, जोर लावला तर भोक पडतं. दुसरा शत्रू म्हणजे आपली सफाईची हौस. चिंच, लिंबू, राख किंवा भांड्यांची पावडर लावून घासलं की वाद्य लखलखतं, पण शंभर वर्षांपूर्वी हलक्या हाताने कोरलेला पलटणीचा आकडा त्याबरोबर जातो. कापडाने कोरडी धूळ पुसावी, अडकलेल्या कळा पक्कड लावून ओढू नयेत. नाव, पत्ता, पदकं, अनुक्रमांक, मुकुट, बाणाची खूण आणि कळांचं बूड यांचे तिरप्या उजेडात वेगवेगळे फोटो घ्यावेत. कारखान्याचा क्रमांक असेल तर हॉर्निमनला विचारता येतं. पलटणीची अक्षरं असतील तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्रात रेजिमेंटचं संग्रहालय आहे.

यातली एक नोंद मात्र धातूवर कुठेच नसते. स्वतंत्र भारतात लष्करी बँडांचं शिक्षण १९५० पासून मध्य प्रदेशातल्या पचमढीच्या संगीत विभागात मिळू लागलं आणि विलायती संचलनांच्या जोडीला भारतीय धून आल्या. त्या काळात पलटणीत असलेली आणि आता निवृत्त होऊन गावी परतलेली माणसं देवगड-मालवण भागात आहेत. कोणत्या हाकेला कोणतं काम सुरू होई, बँडमास्तर कुठला होता, नवा संच आल्यावर जुना कुणी नेला, हे त्यांना विचारून तारखेसकट लिहून घ्यावं, आणि वाद्याच्या फोटोंबरोबरच ठेवावं.